डेन्व्हरमध्ये घरापुढे बफेलो ग्रासची हिरवळ करायची आहे. कशी लावावी, निगा किती लागते?

लावा, पण आधी ऊन बघा. दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन मिळत नसेल तर हा नाद सोडा. झाडाखाली हे गवत विरळ होत जातं. चिकणमाती मात्र त्याला छान मानवते. शेवटी ग्रेट प्लेन्सचंच, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांचंच गवत ते.

खरी मेहनत पेरणीआधी आहे. आधीच्या हिरवळीतलं केंटकी ब्लूग्रास (तिथे सर्रास लावलं जाणारं गवत) मुळासकट मारलं नाहीत तर ते पुन्हा डोकं वर काढतं आणि हिरवळ ठिगळं लावल्यासारखी दिसते. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, जमीन तापल्यावर पेरा. बी प्रक्रिया केलेलंच घ्या, नाहीतर उगवण रखडते. १००० चौरस फुटांना २ ते ३ पौंड बी, जेमतेम अर्धा इंच खोल. दोन-तीन आठवडे वरची माती ओलसर ठेवा. तयार रोपं लावणार असाल तर फूटभर अंतर पुरे, मधली जागा ती पसरून भरतात.

एकदा जमलं की पाण्याचा हात आखडता घ्या. ऐन उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पण खोलवर. रोज पाणी घातलंत तर तणच माजेल. कापणी महिन्यातून एकदा, दोन-तीन इंच राखून. खत जूनमध्ये, थोडंच.

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ते वाळल्यासारखं तपकिरी दिसणार, घाबरून पाणी ओतू नका. आणि मुलं रोज तिथेच क्रिकेट खेळणार असतील तर तेवढ्या पट्ट्यात दुसरं गवत ठेवा, याला फार तुडवणं सोसत नाही.