स्कुबा कोर्सआधी पूलमध्ये एकट्याने श्वास रोखून पोहायची प्रॅक्टिस केली तर चालेल का?

एकट्याने असेल तर नाही. आणि तुम्ही लिहिलंय ना, की बुडी मारायच्या आधी पंधरा-वीस जोरजोरात श्वास घेतले की 25 मीटर आरामात होतात, ते तर आजपासूनच बंद करा.

मी बडोद्याचा, लालबागच्या पूलला सकाळच्या बॅचला जातो, तिथेही उन्हाळ्यात पोरांच्या पैजा लागतात एका दमात पलीकडे जायच्या, आणि आधी सगळे हू-हू करून श्वास ओढत असतात. वाटतं की ऑक्सिजन भरतोय. पण धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन मुळातच 97-98 टक्के भरलेलं असतं, अजून भरणार कुठे? त्या हू-हू ने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घ्यावासा वाटतो, पोटात गचके बसतात ते मुख्यतः त्याच्यामुळेच. म्हणजे पेट्रोलचा काटा काढून टाकला, टाकी तेवढीच. मग माणूस मजेत पोहत असतो आणि पोहता पोहताच बेशुद्ध, ना धडपड ना हाक, लाइफगार्डला वाटतं प्रॅक्टिस चालू आहे. शॅलो वॉटर ब्लॅकआउट म्हणतात याला, कमरेएवढ्या पाण्यातही होतो, आणि बऱ्याचदा चांगले पोहणारेच यात सापडतात कारण जोर तेच लावतात.

समुद्रात अजून एक भानगड. 10 मीटरवर प्रेशर दुप्पट, त्यामुळे खाली असताना उरलासुरला ऑक्सिजनही पुरतो, पण वर येताना प्रेशर उतरतं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये, कधी तर डोकं बाहेर काढल्यावर शुद्ध जाते. म्हणून फ्रीडायव्हिंगवाले, म्हणजे सिलिंडरशिवाय दम रोखून बुड्या मारणारे, जोडीने जातात, एक खाली तर दुसरा वर नजर ठेवून, आणि पहिला वर आला तरी अर्धा मिनिट तरी त्याच्यावरची नजर हटवत नाहीत.

बरं, मुळात ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाच्या सुरुवातीच्या कोर्सला हे लागतच नाही! पॅडी (PADI) या स्कुबा शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्सला 200 मीटर पोहणं, तेही वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं तरंगणं, बस. उलट स्कुबाचा पहिला नियमच हा की श्वास कधीच रोखायचा नाही, कारण सिलिंडरची हवा छातीत धरून 10 मीटरवरून वर आलात तर ती दुप्पट फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं, अगदी एक-दीड मीटर वर येतानाही झालंय असं. पाण्यात घाबरलं की श्वास रोखायची सवय लागली असेल तर ती तिथे नडणार.

तरी हौस असेलच तर घरी पलंगावर पडून करा, रोखायचा वेळ तोच ठेवायचा आणि मधली विश्रांती थोडी थोडी कमी करत जायची, गचके सहन करायची सवय यानेही होते. हार्टचा किंवा फिटचा त्रास असेल तर तेही डॉक्टरला विचारूनच. आणि अंदमानला किंवा तारकर्लीला स्कुबा करून आलात की त्याच दिवशी परत श्वास रोखून खोल बुड्या नकोत, अंगात नायट्रोजन शिल्लक असतो.