हॉलची चावी

प्रिय पोरी,

सोसायटीने तळमजल्याच्या हॉलची चावी तुझ्या हातात दिली, हे ऐकून जीव सुखावला. आठ जुने कॉम्प्युटर मिळालेत, पुढच्या महिन्यात पहिली बॅच बसवायची म्हणतेस. बसव. फोनवर तुझ्यामागे इतका गलका होता की सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आधी त्या चावीचं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचं ऑफिस यांना जागा ठेवावीच लागते. तसा नियम आहे, बिल्डरचे उपकार नाहीत. पण बहुतेक ठिकाणी ही खोली मंडळाचं सामान आणि मोडक्या खुर्च्यांनी भरून जाते. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून घे. कोणत्या वेळी हॉल वर्गाचा, लाइटबिल कुणी भरायचं, सगळं इतिवृत्तात आलं पाहिजे. आमच्याकडे कमिटी बदलली आणि नव्या लोकांनी हॉल लग्नांना भाड्याने द्यायला काढला. माझ्याकडे एक ओळ लेखी नव्हती. दोन महिने वर्ग बंद राहिला आणि त्यातल्या काही बायका परत आल्याच नाहीत. ते मला अजून लागतं.

दुसरं, वेळ. मी मानखुर्दला शिकवायला लागले तेव्हा रेल्वेच्या कामासाठी रुळांलगतच्या झोपड्या हलवून माणसं तिथे आणली होती. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, स्वतःचा संडास मिळाला, पावसाळ्यात छप्पर गळायची भीती गेली. पण बायकांची धुण्याभांड्याची चार घरं जुन्या वस्तीजवळच राहिली. जाण्यायेण्यात पगार आणि दिवस दोन्ही संपायचे. घर मिळालं आणि काम गेलं, हे कागदावर कुठेच दिसत नाही, पण अशा इमारतीत कॉम्प्युटर वर्गाची गरज तिथूनच सुरू होते. मी मात्र वर्ग ठेवला सकाळी दहाला, आणि पाणी यायचं साडेनऊला! हंडे भरायचे सोडून कोण येणार? चार जणी यायच्या, त्याही उशिरा. दुपारी दोनची वेळ केली, लहान पोरांना बालवाडीच्या खोलीत बसू दिलं, तेव्हा वर्ग भरला. कामावरून येणाऱ्या मुलांना रात्री साडेआठची बॅच दे. तुझ्या इमारतीत पाणी कधी येतं ते तुलाच ठाऊक, वेळापत्रक तिथून सुरू कर.

शिकवायला बसशील तेव्हा चित्रं रंगवण्यापासून सुरुवात करू नकोस. मोठ्या बायकांना ते पोरखेळ वाटतं. मी ‘काम’ हा शब्द द्यायचे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. उजव्या हाताचं मधलं बोट क वर, मग डाव्या हाताचं मधलं बोट वर सरकवून काना, तेच बोट खाली आणून म. एक ताई डोअरबेल दाबावी तशी की दाबून धरायच्या आणि पडद्यावर कककककक अशी ओळच्या ओळ उमटायची. घाबरून खुर्चीतून उठल्या, म्हणाल्या, ‘बाई, बिघडला वाटतं माझ्याकडून.’ त्यांचं बोट धरून बॅकस्पेस दाखवला. चुकलेलं पुसता येतं, हे कळल्यावर त्यांची भीती गेली. आठ महिन्यांनी त्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर पावत्या काढत होत्या.

एमएससीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा २००१ पासून आहे, सरकारी नोकरीचे अर्ज भरणाऱ्यांना ती करू दे. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागतात, त्याला रोज तासभर सराव हवा. पण बाकीच्यांना जे उद्या लागणार ते आधी शिकव. फोटो आणि सहीची फाइल मागितलेल्या आकारात (केबीत) बसवणं, बायोडेटा पीडीएफ करून मेलला जोडणं, एक्सेलमध्ये हिशेब. सोसायटीच्या मेंटेनन्सची वहीच एक्सेलमध्ये उतरवायला दे. कुणाची थकबाकी किती ते बघताना बेरीज कुणी चुकत नाही, बघ. मात्र खरी नावं काढून टाक आणि खोली नंबरही बदलून दे, नाहीतर मजल्यामजल्यावर भांडणं लागतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोकरी देतो म्हणून जो पैसे मागेल त्याच्यापाशी एकालाही जाऊ देऊ नकोस. नोंदणी फी, युनिफॉर्मची फी, डिपॉझिट, काहीही असो. घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावाखाली करार करून घेतात, मग ‘चुका झाल्या, दंड भरा, नाहीतर केस करू’ असे फोन येतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने भीतीपोटी आईचं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं. असा फोन आला तर आधी तुझ्याकडे यायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेव. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव.

मुलाखतीला पत्ता लपवायला शिकवू नकोस. वस्तीचं नाव ऐकून चेहरा बदलणारे मालक आहेत, मी पाहिलेत. पण खोटा पत्ता आधार कार्डाबरोबर उघडा पडतो, आणि पोराला त्या दिवसापासून मान खाली घालायची सवय लागते.

आणि प्रमाणपत्रं मोजू नकोस. मी सुरुवातीला तेच केलं. समारंभ, शाल, फोटो. वर्षभराने घरोघरी गेले तर बरीच प्रमाणपत्रं गोदरेजच्या कपाटात साडीखाली. कुणाला मुलाखतीला जायचं तिकीट परवडलं नव्हतं, कुणाच्या सासूने संध्याकाळची शिफ्ट नको म्हटलं, एकीला पहिल्या महिन्यात साहेब ओरडला आणि ती घरी बसली. एवढंसं कुणीतरी पाठीशी असतं तर त्या टिकल्या असत्या. म्हणून एक वही कर. नाव, कुठे लागली, आणि पुढे पहिला पगार, दुसरा पगार, तिसरा पगार असे रकाने. तिसऱ्या पगाराची खूण पडेपर्यंत ती तुझीच विद्यार्थिनी.

रविवारी मी येते. तोवर इलेक्ट्रिशियनला बोलावून हॉलचं अर्थिंग तपासून घे. मीटर जुना आहे, आठ मशिनं एकदम लावू नकोस. आणि खिडकीखालच्या भिंतीला ओल आहे, टेबलं तिथून हातभर पुढे ओढ.

तुझी,
टायपिंगच्या बाई