मुंबई-अलिबागचा समुद्र मातकट आणि मालदीवचा निळाशार का? आपलं पाणी घाण आहे म्हणून का?

मुंबईचं सांडपाणी समुद्रात जातं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मातकट रंगाचं मुख्य कारण ते नव्हे. शहर नव्हतं तेव्हाही इथलं पाणी मालदीवसारखं नसणार.

आपल्याकडे समुद्रबूड जमीन फार लांबवर उथळच राहते. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी आत आहे आणि तिथे खोली जेमतेम ७५ मीटर! तळाला बारीक गाळ, त्यात नद्या-खाड्यांची भर. शिवाय उत्तरेला खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरपर्यंत जातो, मुंबईलाही उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की गाळ खाली बसणार कधी?

आता मासे खाणाऱ्यांच्या कामाचं. उष्ण प्रदेशातलं नितळ निळं पाणी बहुतेक वेळा उपाशी असतं; त्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी, म्हणून तर ते नितळ. आपल्या गढूळ पाण्यात जवळा, करंदी आणि त्यांच्यावर जगणारा बोंबील. बोंबील पकडायचं डोल जाळंही भरती-ओहोटीच्या याच ओढीवर चालतं: खुंटांना बांधून तोंड प्रवाहाकडे करायचं, मासळी पाण्याबरोबर आपसूक आत येते, पाणी थबकलं की जाळं ओढायचं. भांगाला (म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला) ओढ मंदावते, मग डोलीतही फारसं काही येत नाही. पकडलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर वाळत घालतात. वर्सोव्याला किंवा अर्नाळ्याला गेलात तर बघाच. (वास सहन होत असेल तर.)

खाली मालवणकडे चित्र बदलतं. भरती-ओहोटीचा फरक कमी, तळ बराचसा खडकाळ, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळही आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. विजयदुर्गपासून सुमारे १०० किमी आत तर आंग्रिया बँक नावाचं अख्खं बुडालेलं पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांवरून.

तेव्हा पाण्यात डोकावून मासे बघायचे असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मालवण गाठा. पावसाळ्यात तिथेही काही दिसत नाही. मात्र ताटात बोंबील हवा असेल तर तो मुंबई-पालघरकडेच खा. मालवणात राज्य बांगड्याचं.