तंत्र-शंका : व्हिडिओ एडिटिंगला घेण्याआधी

प्रश्न : गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन मोबाईलवर घेतलं, दोन तासांचं. एडिटिंगला घेतल्यावर सुरुवातीला आवाज जुळतो, पण शेवटच्या गजरात मृदंगावर हात आधी पडतो आणि थाप नंतर ऐकू येते. शिवाय क्लिप अडखळत चालते. मोबाईलवर मात्र सगळं ठीक दिसतं. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : फाईल खराब झालेली नाही. मोबाईल सेकंदाला नेमक्या 30 फ्रेम (स्थिर चित्रं) घेत नाही. मांडवात उजेड कमी पडला की तो एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेमची संख्या घटते. समजा, सरासरी 29.7 पडली. दोन तासांत 2,13,840 फ्रेम झाल्या. एडिटिंग सॉफ्टवेअरने त्या सरसकट 30 च्या हिशेबाने मांडल्या, तर चित्र 7,128 सेकंदांतच संपतं आणि आवाज पूर्ण 7,200 सेकंद चालतो. शेवटी 72 सेकंदांचं अंतर! मोबाईलचा प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून ती दाखवतो, म्हणून तिथे फरक जाणवत नाही.

आधी खात्री करा. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात फाईल उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ बघा. ‘व्हेरिएबल’ (बदलता) लिहिलेलं असेल तर दुखणं हेच. तिथेच ‘फॉरमॅट’समोर एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) असेल, तर अडखळण्याचं कारणही सापडलं. या प्रकारात पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेला असतो. तुम्ही टाइमलाईनवर मध्येच कुठे थांबलात की ती एक फ्रेम उभी करायला लॅपटॉपला मागच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात.

उपाय हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेही मोफत. फाईल उघडून ‘व्हिडिओ’ टॅबवर जा. एन्कोडर एच.264 (दाबण्याची जुनी, लॅपटॉपला हलकी पद्धत) निवडा, फ्रेमरेट 30 करा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिंब द्या. हे टिंब राहून गेलं की सगळी मेहनत वाया, आणि नेमकं तेच राहतं. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’चा आकडा 16 ते 18 मध्ये ठेवा (आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी). ‘फास्ट डिकोड’वर खूण करा (फ्रेम उलगडणं सोपं जातं). ‘डायमेन्शन्स’मध्ये क्रॉपिंग ‘नन’ करा, नाहीतर अंधाऱ्या मांडवाच्या कडा काळी पट्टी समजून कापल्या जाऊ शकतात. आवाजाचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा.

दुसरा कॅमेरा 25 फ्रेमचा असला, तरी मोबाईलची फाईल इथे 25 वर आणू नका. फ्रेम गळतात आणि टाळकऱ्यांच्या पावल्या झटक्याने पडताना दिसतात. एकेका फाईलचा मूळ वेग तसाच राहू द्या.

तयार फाईल टाइमलाईनवर टाकून सुरुवात, मध्य आणि शेवटचा गजर तपासा, मगच कापाकापीला बसा. रूपांतर नेहमी मोबाईलमधल्या मूळ फाईलचंच करा. व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्यातून गेलेले बारकावे परत येत नाहीत.

प्रश्न : ओबीएसवर (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) तास रेकॉर्ड करते. फाईल एमकेव्ही होते आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ती घेतच नाही. (शिक्षिका, हिंगोली)

उत्तर : तुम्हाला रूपांतराची गरजच नाही. एमकेव्ही हा फक्त डबा आहे, आतला माल बहुतेक वेळा एच.264 च असतो. ओबीएसच्या ‘फाईल’ मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. तिथे फाईल टाकली की थोड्याच वेळात एमपी4 मिळते आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. पण रेकॉर्डिंग एमकेव्हीतच चालू ठेवा. साध्या एमपी4 ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर अख्खा तास उघडत नाही. एमकेव्हीत लाईट जाईपर्यंतचा भाग हाती राहतो.

प्रश्न : लग्नाची एक तासाची, 25 फ्रेमची फुल एचडी फाईल डीएनएक्सएचडी या एडिटिंगसाठीच्या व्हिडिओ प्रकारात बदलली. साडेसात जीबीची 54 जीबी झाली! दर्जा वाढला का? (स्टुडिओचालक, उदगीर)

उत्तर : नाही. दर्जा मूळचाच आहे, वाढली ती हाताळणीची सोय. या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण साठवलेली असते. तुम्ही 120 मेगाबिटचा पर्याय निवडलेला दिसतो. म्हणजे सेकंदाला 15 एमबी, तासाला 54 जीबी. हिशेब चोख आहे.

रंगांवर बारीक काम करायचं असेल आणि डिस्कवर जागा असेल तर हेच बरं. पण तीन दिवसांच्या लग्नाचं सगळं चित्रण असं फुगवू नका. त्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत करा. शटर एन्कोडर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएक्सएचडीचा 36 मेगाबिटचा पर्याय घेतला की तासाला साधारण 16 जीबी लागतात. कापाकापी प्रॉक्सीवर करा आणि अंतिम फाईल काढताना मूळ चित्रण जोडा. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. प्रॉक्सीचं नाव मूळ फाईलचंच ठेवा, म्हणजे जोडणी चुकत नाही. सगळं एकाच दमात रात्रभर लावण्यापेक्षा हळद, सीमांतपूजन, लग्न अशा वेगवेगळ्या फाईली रांगेत लावा. लाईट गेली तर चालू असलेली एकच फाईल पुन्हा करावी लागेल.

बाहेरची हार्डडिस्क फॅट32 (डिस्कवर फाईली मांडण्याची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीच्या वरची फाईल तिच्यावर बसत नाही आणि रूपांतर मध्येच बंद पडतं. आतला डेटा दुसरीकडे काढून ती आधी एक्सफॅट करून घ्या.