'मूठमाती' म्हणजे जागा सोडणं नव्हे

तुमच्या पणजोबांच्या मोडी कागदातल्या "मुठमातीस जागा" या शब्दांचा अर्थ तुम्ही विचारलात, ते वाचलं आणि आमचं जुनं दुखणं पुन्हा ठसठसलं. अर्थ सरळ आहे: प्रेत पुरायची जागा. खड्ड्यात देह ठेवल्यावर जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, ती मूठमाती. पुढे सगळ्या दफनालाच तो शब्द लागला. आम्ही लिंगायत, आमच्याकडे अजूनही 'माती दिली' असंच म्हणतात.

आमच्या जमिनीच्या जुन्या कागदातही हाच शब्द होता. आमचं घोडं अडलं ते एका कार्यालयात. तिथल्या माणसाला 'तत्त्वांना मूठमाती' एवढाच वर्तमानपत्री अर्थ ठाऊक. त्याने सारांशात लिहून टाकलं, "सदर जागेवरील हक्क सोडला आहे." झालं! पुढच्या प्रत्येक टेबलावर मूळ कागद कोणी उघडलाच नाही, सगळे तो सारांश वाचून मान हलवायचे. कोश दाखवला तर "हे आमच्या अखत्यारीत येत नाही." ज्या जमिनीत आमची माणसं झोपली आहेत, ती आम्हीच सोडून दिली म्हणे! वडील त्या चकरांतच थकले. अजून संताप होतो.

म्हणून माझं ठाम मत: कोणालाही आधी सारांश करू देऊ नका. अक्षरशः देवनागरी लिप्यंतर मागा, शब्दार्थ वेगळ्या कागदावर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, शब्दही सलग लिहितात, त्यामुळे घाईत वाचणारा पुढचं-मागचं अक्षर जोडून भलतंच काढतो. पुराभिलेख खात्याची मोडीची परीक्षा दिलेला जाणकार गाठा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्हींतल्या त्या पानांच्या प्रती सोबत लावा.

मी वकील नाही, आणि तुमच्या कागदातलं आख्खं वाक्य मी पाहिलेलं नाही. "मुठमातीस जागा दिली" असं असेल तर कोणी, कोणाला, हे आधी नीट वाचून घ्या, कारण हक्क कोणाचा ते त्यावर ठरेल.

आणखी एक, सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीखाली नसलेलं क्षेत्र) यातला 'ब' वर्ग बघा. एखाद्या समाजाची दफनाची किंवा दहनाची जागा त्या वर्गात धरतात. तिथे क्षेत्र दाखवलेलं असेल तर जुना गावनकाशा काढून ताडून बघा. नकाशावर खूण सापडली तर त्याची प्रमाणित प्रतच घ्या, साधी झेरॉक्स चालत नाही.