जावेनं फेसबुकवर टाकलेलं बदनामीत धरतात का?

आमच्या सल्ला केंद्रात हल्ली हा प्रश्न फार येतो, नातेवाईक स्टेटसला, फेसबुकला काहीबाही टाकतात, ताई यावर केस होते का? एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

या ताई घरी शिवणकाम करतात आणि गल्लीतल्या बायकांची भिशी चालवतात. सासूबाई गेल्यावर दागिन्यांवरून धाकट्या जावेशी बिनसलं आणि मग पोस्टींची लाइनच लागली. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि म्हणाले कोर्टात जा, तेव्हा यांना वाटलं आपल्याला हाकललंच. तसं नाहीये, अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यात पोलीस आपणहून तपास करत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्यानंच मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची असते. कोणीतरी त्यांना ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठीचं आयटी कायद्याचं ६६अ लावा असंही सांगितलेलं, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच रद्द केलंय.

मग आम्ही दोघी बसून मोबाईलवर एकेक पोस्ट बघत गेलो. बरेचसे नुसते टोमणे, 'देव सगळं बघतोय', 'तोंडावर गोड पोटात विष', वाचून जीव जळतो हे खरंच, पण यात ना कोणाचं नाव ना कुठला आरोप, कोर्टात हे टिकणं अवघड. काही घाण शिव्या जावेनं पर्सनलवर पाठवलेल्या, पण त्या फक्त ताईंनीच वाचल्या होत्या आणि बदनामीसाठी गोष्ट तिसऱ्या माणसापर्यंत पोचावी लागते. आणि मग ती पोस्ट आली, 'सासूच्या पाटल्या विकून भिशी चालवतात आणि देवळात सगळ्यांच्या पुढे'. नाव यातही नव्हतं, पण खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारलेलं कोण गं ही, आणि जावेनं लिहिलेलं 'आमच्याच घरातली थोरली, दुसरं कोण असणार'.

त्या एका कमेंटनं सगळं बदललं. चोरीचा आरोप आहे, माणूस ओळखू येतो, आणि नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी वाचलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये उपरोधानं केलेला आरोपही बसतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. ताईंच्या भिशीतून दोन बायका बाहेर पडल्या होत्या, का पडलो ते त्या सांगायला तयार होत्या, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा पुरावा, कारण भिशी चालते ती विश्वासावर.

ताईंनी उत्तर टाइप करून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. मी म्हटलं पाठवू नका, उद्या तुमचेही स्क्रीनशॉट निघतील. त्याऐवजी पोस्ट आणि कमेंट तारीख, प्रोफाइल, लिंक दिसेल अशी सेव्ह करा, फोन फॉरमॅट मारू नका, कोर्टात प्रिंटसोबत नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतं. हेही स्पष्ट सांगितलं की केस म्हणजे तारखा, आणि उलटतपासणीत पाटल्यांचा विषय निघणारच. त्या म्हणाल्या निघू दे, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. घरातलं आहे सोडून द्या असं मी कोणाही बाईला सांगत नाही, ज्या घरातल्यांनी गावभर चोर म्हटलं त्यांच्यासाठी तिनंच का गप्प बसायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाला, बाईला उत्पन्नाची अट न घालता तो फुकट मिळतो, १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. नोटीस गेल्यावर पोस्ट उडाली. दिरांचा फोन आला, वहिनी आता मिटवा. ताईंचं म्हणणं एकच, जिथं लिहिलं तिथंच चुकलं म्हणून लिहा. ते अजून आलेलं नाही. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत, पण भरपाईच्या दिवाणी दाव्याला वर्षाचीच मुदत, म्हणून पोस्टची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.