उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवला, तर डाळ लवकर शिजते का?

नाही. उष्णता आणि तापमान यांतला फरकही तुम्ही विचारलाय, पण त्याच्या व्याख्या शाळेत सगळ्यांनी घोकलेल्या असतात आणि शेगडीपाशी त्या कुणालाच आठवत नाहीत. म्हणून शेगडीवरूनच सांगतो.

डाळ शिजते तापमानाने. उघड्या पातेल्यातलं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. त्यापुढे ज्योत कितीही वाढवा, आकडा हलत नाही. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते आणि वाफ खिडकीबाहेर. १ लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला सुमारे २,२५७, म्हणजे सातपट! चिमूटभर मीठ टाकून उत्कलनबिंदू वाढवणाऱ्यांसाठी: चमचाभर, ६ ग्रॅम मिठाने लिटरमागे जेमतेम ०.१ अंश वाढतो.

पटत नसेल तर पाणी उकळू द्या, पातेल्यासकट वजन करा, मोठ्या ज्योतीवर १० मिनिटं ठेवा आणि पुन्हा वजन करा. मग तेवढंच पाणी घेऊन मंद ज्योतीवर तेच करा. दोन्ही वेळा तापमानही मोजा, पण थर्मामीटरचं टोक बुडाला टेकवू नका, आकडा चढा येतो. (तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर तर घालूच नका, फुटेल.) तापमान दोन्ही वेळा तेच, घट मात्र वेगळी. पाण्यात सेकंदाला १ किलोज्यूल शिरत असेल, तर १० मिनिटांत सुमारे २६५ ग्रॅम पाणी उडतं.

आता कुकर. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने वाढला, पाणी १२० अंशांच्या आसपास पोचलं आणि उरलेली वाफ बाहेर पडतेय, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत इतकी बारीक करा की झाकणावरचं वजन नुसतं फुसफुसत राहील, आणि मिनिटं मोजा. भिजवलेल्या तूरडाळीला ८ ते १० पुरतात. ज्योत केवढी आणि कुकर किती लिटरचा हे न सांगता ‘तीन शिट्ट्या काढा’ लिहिणाऱ्या पाककृतींना माझ्या लेखी काही किंमत नाही.

वाफेची सरळ धार येईपर्यंत वजन लावू नका. आत हवा अडकली की दाबातला काही वाटा तिचा असतो, त्यामुळे तेवढ्याच दाबाला तापमान कमी भरतं. डाळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. फेस वाफेच्या नळीत अडकतो.

उंचीवर गणित बदलतं. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५ अंशांवर उकळतं, लेहला ८८ वर. कुकरचं वजन बाहेरच्या दाबावर भर घालतं, म्हणून लेहला तोही ११४ च्या आसपासच थांबतो. तिथे वेळ वाढवावा लागतो.

अर्थात उकळी येईपर्यंत मोठी ज्योत योग्यच, आणि रस्सा आटवायचा असेल तर नंतरही. मंद ज्योतीवर उकळीच मोडली, मोठ्या भांड्याला किंवा वाऱ्यात असं होतं, तर थोडी वाढवा. आणि एवढं करूनही डाळ टचटचीत राहिली तर पाणी जड आहे का बघा. त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला) धरून ठेवतं आणि दाणा मऊ होत नाही. जुन्या डाळीचंही तसंच. तिथे गॅस वाढवून उपयोग नाही, आदल्या रात्री भिजवा.